उजव्या हत्तीचा डोळा

बाबा,

तुमचे हत्ती मी विकते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल. भिंतीवरचे नाहीत, त्या भिंती आता उरल्यात कुठे. प्लायवूडच्या पाटीवर काढलेले, उशीएवढे, दाराच्या दोन बाजूंना लावता येतील असे जोडीनं. आणि विकते म्हणजे आठवडी बाजारात पाल टाकून नाही, फोनवरून विकते. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या केशोरीत फोन म्हणजे किराणा दुकानातला कुलूप घातलेला डबा होता, त्यामुळे हे तुम्हाला समजावणं जरा कठीणच आहे. असं समजा, की माझी एक भिंत आहे. ती कुठल्याच गावात नाही आणि सगळ्या गावांत आहे. मी तिच्यावर हत्तीचा फोटो लावते, बेंगळुरूतली एखादी बाई चहा पिता पिता तो बघते, आवडला तर पैसे पाठवते आणि मी तिला हत्ती पाठवते. तिनं मला पाहिलेलं नसतं, मी तिला नाही. तुम्ही लगेच विचारलं असतं, मग भाव कसा करतात? करतात, बाबा. न बघताही करतात.

मी अर्जुनीलाच आहे, तुम्ही दिलंत त्याच घरी. आमच्या घरच्यांचं खता-बियाण्याचं दुकान आहे, थोडी धानाची शेती आहे. मुलं शिकायला बाहेर पडली आणि घरात दुपार उरायला लागली. त्या दुपारचं काय करायचं म्हणून एकदा कपाटाच्या फळीचा तुकडा घेतला आणि त्याच्यावर हत्ती काढला. एकदाही खोडावं लागलं नाही, याचंच नवल वाटलं. सोंड वर, सोंडेत माळ, पाठीवर झूल, झुलीला गोंडे. तुम्ही जसे काढायचात तसा. फक्त पाय थोडे जाड झाले.

धान घरात आलं, मळणी झाली, की तुमची सायकल बाहेर निघायची. हँडलला दोन्हीकडे डबे लटकवलेले. चुना, गेरू, नीळ, आणि एका लहान डबीत बाभळीच्या डिंकात खललेली काजळी. उन्हाळाभर तुम्ही लग्नघरांच्या भिंती रंगवत फिरायचात. दाराच्या दोन बाजूंना दोन हत्ती, वर नवरा-नवरीचं नाव, कोपऱ्यात मोर. चार-चार दिवस त्या घरचंच जेवायचात आणि आल्यावर आईला सांगायचात, कोणाकडच्या वरणात पाणी जास्त होतं. मधल्या दिवसांत हायवेवर कोहमाऱ्याला जाऊन ढाब्यांच्या पाट्या रंगवायचात. ढाब्याच्या पाटीवर खाली कोपऱ्यात तुमचं नाव असायचं, बारीक अक्षरात, पुढे 'पेंटर, केशोरी'. लग्नाच्या भिंतीवर मात्र ते नाव मी कधीच पाहिलं नाही. मला वाटायचं, माझ्या बाबांना कुठे नाव लावावं आणि कुठे लावू नये, हे कळतं. याचा मला अभिमानच होता, कारण आमच्या शाळेत लोक बाकांवरसुद्धा नावं कोरत.

आणि तो डोळा. डाव्या हत्तीचा डोळा तुम्ही पुरता काढायचात, पापणीसकट. उजव्या हत्तीच्या डोळ्याच्या जागी मात्र नुसता पांढरा गोल. मांडवाच्या दिवशी, पाहुणे भरले की तुम्ही धुतलेला शर्ट घालून यायचात, ब्रश काजळीत बुडवायचात आणि घरच्या बाईच्या, म्हणजे नवरीच्या किंवा नवरदेवाच्या आईच्या हातात द्यायचात. ती त्या गोलात टिपका ठेवायची. तेवढ्यापुरती वाजंत्री थांबायची. मग ती तुम्हाला कुंकू लावायची, दुपट्टा-नारळ द्यायची, आणि तुम्हाला पहिल्या पंगतीत बसवायचे. दुसऱ्या कुठल्या पेंटरला मी असं करताना पाहिलं नाही. केशोरीच्या आजूबाजूच्या गावांत सगळ्यांना हे ठाऊक होतं. भिंत रंगून झाली म्हणजे काम झालं, असं कोणी समजायचं नाही. 'डोळा उघडला का?' असंच विचारायचे.

मी सातवीत असेन तेव्हाची गोष्ट. तलावापलीकडच्या गावात तुमचं काम चाललेलं होतं आणि सुट्टी म्हणून मी रंग कालवायला बरोबर आले होते. तुम्ही जेवायला आत गेलात. मी भिंतीसमोर बसून होते आणि तो आंधळा हत्ती माझ्याकडे तोंड करून उभा होता. मला त्याची दया आली. खरं सांगायचं तर दयेपेक्षा हाताला खाज जास्त होती. मी ब्रश घेतला आणि डोळा काढला. चांगला काढला होता, बाबा, ते तुम्हीही नाकारलं नसतं. तुम्ही हात पुसत बाहेर आलात, बघितलंत आणि सगळ्या घरासमोर माझ्यावर कडाडलात. "दुसऱ्याच्या घरचा डोरा तुनं काऊन उघडला?" मग त्याच्यावर चुन्याचा हात मारलात आणि तो वाळेपर्यंत मला भिंतीजवळ येऊ दिलं नाहीत. परतताना तलावाच्या पाळीवर सायकल थांबवून हात धुतलेत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, डोळा घरच्यांनीच उघडायचा, आपलं काम तिथवरच. माझ्या डोक्यात ते वाक्य पक्कं बसलं. पुढे शाळेत, सासरी, कोणाच्या संसारात तोंड घालायची वेळ आली, की मला ते आठवायचं आणि मी गप्प बसायचे. चित्रकाराचा धर्म काय असतो, हे मला त्या पाळीवर कळलं, असं मी मनाशी धरून बसले होते.

मग माझं लग्न ठरलं. तुम्ही आपल्या घराची भिंत रंगवायला घेतलीत तेव्हा मला वाटलं, आता आपल्या आईच्या हातात ब्रश येणार. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या आया तुम्हाला कुंकू लावताना पाहिल्या, आज आपल्याच अंगणात आई तुम्हाला कुंकू लावेल. मांडवाच्या दिवशी सकाळी हळदीच्या अंगानं मी बाहेर आले, तर दोन्ही हत्ती डोळे उघडून उभे. उजव्याचाही डोळा तुम्हीच काढून टाकला होता. वाजंत्री यायच्या आधीच. मी नवरी, मी कोणाला विचारणार? पण मला फार लागलं. पोटच्या पोरीच्या लग्नात तेवढं करायचा कंटाळा केलात, असं वाटलं. निघताना माझ्या पेटीत तुम्ही तो बारीक ब्रश ठेवलात, डोळ्याचा, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून. सासरी तो सापडला तेव्हा मी मनात म्हटलं, ब्रश दिला आणि मान दिला नाही. तो ब्रश मी कित्येक वर्षं पेटीतून काढला नाही. मग एका वर्षी धानाच्या रोवणीच्या दिवसांत निरोप आला, की तुम्ही गेलात. विचारायचं राहूनच गेलं.

तर फळीवरच्या हत्तीकडे येते. तो हत्ती घरात पडून होता. आमच्या इथे बसस्टँडजवळ एक पार्लर आहे, तिथली मालकीण माझी मैत्रीण. मूळची गोंदियाची, हिंदी आणि मराठी एकाच ताटात कालवून बोलते, फोनवरून साड्याही विकते. तिनं हत्ती पाहिला आणि त्याच दिवशी माझ्या फोनवर पान उघडून दिलं. चित्र काढणं हा निम्माच धंदा असतो, हे मला तिनं शिकवलं. फोटो ट्यूबलाइटखाली नाही, सकाळच्या उन्हात काढायचा. आकार कळावा म्हणून शेजारी तांब्या ठेवायचा. किंमत स्पष्ट लिहायची, 'किंमत विचारा' असं लिहिलं तर लोक विचारत नाहीत, पुढे सरकतात. उत्तर लगेच द्यायचं. आणि रोज काहीतरी टाकत राहायचं, नाहीतर लोक विसरतात. मी लावलेल्या पहिल्या फोटोत मागे गॅसचं सिलेंडर आलं होतं. त्याच्यावर घातलेलं कव्हर कुठे मिळेल, असं दोघींनी विचारलं. हत्तीबद्दल कोणी नाही. माझ्या जाऊबाईंना तर वर्षभर पुरेल एवढं हसू मिळालं. भिंतीवर फुकट मिळायचे ते हत्ती आता पैसे देऊन कोण घेणार, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत.

सगळ्यात जड गेलं ते स्वतःबद्दल लिहिणं. चित्राखाली चार ओळी लिहायच्या असतात. मी लिहायचे, 'हत्तीची जोडी, प्लायवूडवर.' मैत्रीण वैतागायची. "ताई, फोटो तो सब डालते हैं. लोगों को कहानी चाहिए," म्हणायची. मी म्हणायचे, कहाणी कसली, हत्ती आहे. आपणच आपलं कौतुक करायचं म्हणजे मला नागव्यानं बाजारात गेल्यासारखं वाटायचं. माझ्या बाबांनी लग्नाच्या भिंतीवर कधी नाव लिहिलं नाही, असं मी तिला ठसक्यात सांगायचे. ती म्हणायची, म्हणूनच त्यांचं नाव कोणाला माहीत नाही. मला राग यायचा, आणि मी पुन्हा तेवढंच लिहायचे, हत्तीची जोडी.

तरी हळूहळू विकायला लागलं. पहिल्या ऑर्डरी इथल्याच, अर्जुनीच्या, साकोलीच्या, एक गोंदियाची. मी तुमच्या रीतीनं उजव्या हत्तीचा डोळा रिकामा ठेवून पाठवायचे. इथल्या बायकांच्या आयांना, सासवांना तुमची रीत ठाऊक होती. त्यांनी घरचं काजळ घेऊन टिपका ठेवला असणार. कोणाची तक्रार आली नाही, त्यामुळे जगालाच हे ठाऊक आहे असं मी धरून चालले. आणि मग पुण्याची ऑर्डर आली. पहिली लांबची. एका बाईला नव्या फ्लॅटच्या दाराला जोडी लावायची होती. मी मन लावून काम केलं, झुलीवर धानाच्या लोंब्या काढल्या, टीव्हीच्या दुकानातून पुठ्ठ्याचं खोकं आणून पॅक केलं. पार्सल पोचलं त्या दिवशी पानावर तिचा अभिप्राय आला. पाचपैकी एक तारा. खाली फोटो, आणि उजव्या हत्तीच्या पांढऱ्या डोळ्याभोवती लाल गोल. 'काम सुंदर आहे, पण एका हत्तीला डोळाच नाही. पाठवण्याआधी माल तपासत चला.' काही दिवसांनी खोकं परत आलं, वर चिकटपट्टी, 'सदोष' असं लिहिलेली.

तुमच्या हत्तीला कोणी सदोष म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मी त्या बाईला लांबलचक उत्तर लिहिलं, आमची परंपरा, माझ्या वडिलांची श्रद्धा, घरच्या बाईचा मान, सगळं. तिचं उत्तर सभ्य होतं. छान आहे, पण हे आधी लिहायला हवं होतं, मला कसं कळणार? तिचं बरोबर होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. त्यानंतर पानावर शांतता. दोन ऑर्डरी यायच्या होत्या, दोघींनी आधी विचारलं, हत्तीला डोळा आहे ना? घरी रात्रीच्या जेवणाला विषय निघाला तेव्हा हे म्हणाले, "लाव ना मंग एक टिपका. का बिघडते?" मैत्रीणही तेच म्हणाली, एका टिपक्याचा तर प्रश्न आहे.

मी बसले, बाबा. परत आलेली पाटी समोर घेतली, पेटीतला ब्रश कधीच बाहेर आला होता, तो काजळीत बुडवला. आणि हात पुढे जाईना. तलावाची पाळ दिसायला लागली. तुमच्या भिंती पडल्या, तिथे स्लॅबची घरं झाली, लग्नाची नावं आता फ्लेक्सवर छापून येतात. तुमचं म्हणून माझ्यापाशी जे उरलं होतं ते त्या रिकाम्या गोलात होतं. तो मी भरला, तर तुम्हाला मीच संपवलं असं होईल, असं वाटलं. मला भीती वाटली, हे सरळ सांगते. पण पानही मला सोडवत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी अनोळखी माणूस 'आर्टिस्ट' म्हणत होतं, कोणाची सून, कोणाची आई नाही. शेवटी मी दोन्ही ऑर्डरी नाकारल्या आणि पानावर लिहिलं, काही दिवस काम बंद आहे. मनात ठरवलं होतं, की कायमचंच बंद. डोळा भरून विकण्यापेक्षा न विकलेलं बरं.

रविवारी ती पाटी पिशवीत घालून बसनं केशोरीला आईकडे गेले. आई आता वाकली आहे, पण जीभ तशीच आहे. स्वयंपाकघरात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तुमच्या वेळची चूल गेली, तिच्या जागी गॅस आहे, पण आई बसते तिथेच, दाराकडे तोंड करून. मी पाटी तिच्यासमोर ठेवली. तिनं चष्मा पुसून बघितलं आणि पहिलं वाक्य म्हणाली, की हत्तीचे पाय सुजले आहेत. मग मी सगळं सांगितलं. पुण्याची बाई, एक तारा, सदोष, आणि तुमची श्रद्धा मोडायची नाही म्हणून मी धंदा बंद करते आहे, हेही. आणि आई हसायला लागली. खोकला येईपर्यंत हसली. शेंगांची परडी कलंडली.

"तुले का वाटलं, तो देवाचा नेम होता?" ती म्हणाली. "लग्नाच्या भितीवर पेंटरचं नाव कोन लिवू देते, बाई? मंग कोनं काढला, हे लोकाइले कसं मालूम पडन? चार गावचे पाव्हने जमा होत, वाजा थांबे, तुये बाबा समोर येऊन उभे राहेत. पेंटर कोठचा, म्हनून जो तो विचारे. एका डोऱ्यात तीन लग्नं पक्की होत."

तिनं मग सगळं सविस्तर सांगितलं. सुरुवातीच्या एका वर्षी तुम्ही एका भिंतीवर कोपऱ्यात नाव घातलं होतंत, ढाब्याच्या पाटीवर घालायचात तसं, आणि नवरदेवाच्या काकानं ते सगळ्यांदेखत पुसायला लावलं होतं. त्यानंतर तुम्ही ही युक्ती काढलीत. आधी घरी आईला सांगितलंत, आईनं वेड्यात काढलं, आणि त्या उन्हाळ्यात तुम्हाला श्वास घ्यायला फुरसत मिळाली नाही. मी विचारलं, मग मी तो डोळा उघडला तेव्हा एवढे कडाडले ते? आई म्हणाली, तू त्यांचा त्या गावातला धंदा बुडवत होतीस ना. त्या दिवशी घरी येऊन सांगत होते, पोरीचा हात चांगला आहे, पण अक्कल नाही. पाळीवरचं ते मोठं वाक्य बहुधा तुम्हाला वाटेत सुचलं असावं. मी मात्र ते जन्मभर गळ्यात बांधून फिरले.

मला हसू येत होतं आणि राग येत होता. एवढी वर्षं मी तुमच्या जाहिरातीची पूजा केली! पण मग एक गोष्ट बसेना. मी विचारलं, "मंग माया लग्नात डोरा रिकामा काऊन नाई ठेवला?"

आईनं शेंगा सोलायच्या थांबवल्या. प्रश्नच समजला नाही अशा नजरेनं माझ्याकडे बघितलं.

"आपल्या घरी का काई इकाचं होतं त्याइले?"

मग पुन्हा शेंग हातात घेऊन तिनं सांगितलं, की त्या दिवशी तांबडं फुटताना ती अंगणात सडा टाकत होती आणि तुम्ही भिंतीसमोर बसला होतात. एरवी हत्तीचा डोळा तुम्ही बोलता बोलता काढायचात. त्या डोळ्याला तुम्ही पंगत उठेल एवढा वेळ लावलात. पापणीचा एकेक केस काढलात. आईनं हाक मारली तरी वळला नाहीत. मग ब्रश स्वतः धुतलात, पुसलात आणि कागद शोधत आत गेलात. आईला वाटलं होतं, हे मला ठाऊकच असेल. मीच कधी विचारलं नव्हतं. आणि ती भिंत तर भावानं घराचा पुढचा भाग नव्यानं बांधला तेव्हाच पडली.

आईसमोर मी रडले नाही, शेंगा सोलू लागले. बसमध्ये मात्र रडले, तलाव लागला तेव्हा. शेजारच्या बाईनं विचारलं, माहेरहून चालली का? मी हो म्हटलं. तिला पुरेसं वाटलं. पाटी मी आईकडेच ठेवून आले होते. ती म्हणाली, घरात पाहुणे जमले की टिपका ठेवीन, एकटीनं ठेवून का फायदा. तुमच्याबरोबर एवढी वर्षं संसार केलेली बाई आहे, धंद्याची अक्कल माझ्यापेक्षा तिला जास्त.

दुसऱ्या दिवशी पान उघडलं. डोळा रिकामाच ठेवायचं ठरवलं, पण आता का ठेवायचा ते कळलं होतं. प्रत्येक जोडीबरोबर एका लहान डबीत काजळी आणि डिंक पाठवते. आणि चित्राखाली, पहिल्याच ओळीत, लिहिते: 'उजव्या हत्तीचा डोळा मुद्दाम रिकामा ठेवला आहे. तो तुमच्या घरच्या बाईनं उघडायचा. एकटीनं नाही. चार माणसं बोलवा, शेजारीपाजारी बोलवा, आणि त्या वेळी फोनचा कॅमेरा चालू ठेवा.' परंपरा, श्रद्धा वगैरे शब्द काढून टाकले. पुण्याच्या बाईला लिहिलं, चूक माझीच होती, सांगायला हवं होतं. तिनं अंगठा पाठवला. तारा एकच राहिला आहे, तो अजून दिसतो पानावर. असू दे, तिनं खरं तेच लिहिलं होतं.

नंतरची पहिली जोडी बेंगळुरूला गेली. त्यांनी व्हिडिओ पाठवला. उंच इमारतीतला चकचकीत व्हरांडा, दाराला झेंडूचं तोरण, आणि तुमचे हत्ती. एका म्हाताऱ्या सासूबाईंच्या हातात काडी दिलेली. शेजारची सात-आठ माणसं भोवती. म्हातारीची काडी घसरली, टिपका गोलाबाहेर गेला आणि काजळी हत्तीच्या गालावर ओघळली. सगळे हसले, तीही हसली. मग कोणीतरी शेजारी तिथल्या भाषेत काहीतरी विचारतो. मला ती भाषा येत नाही. पण सून उत्तर देते, आणि त्या उत्तरात मला 'गोंदिया' ऐकू येतं. मी तो व्हिडिओ कितीदा पाहिला ते सांगत नाही. तो काय विचारत होता ते मला न समजताही समजलं. पेंटर कोठचा, हेच. त्या एका इमारतीत नंतर आणखी दोन जोड्या गेल्या. तीन लग्नं पक्की होत, असं आई म्हणाली होती. माझी मजल अजून दोनवर आहे.

हे सगळं मी फोनवरच लिहिते आहे, चित्राखालच्या ओळी जिथे लिहायच्या त्याच रकान्यात. बोटांना त्याचीच सवय झाली आहे. खाली 'प्रकाशित करा' असं निळ्या अक्षरात दिसतं आहे. मैत्रिणीला हे वाचायला मिळालं, तर ती माझ्या हातातून फोन हिसकावून ते बटण दाबेल. लोकांना कहाणी लागते म्हणते ना, याच्याहून चांगली कहाणी माझ्याकडे नाही, आणि हिच्यावर हत्ती खपतील हे मलाही कळतं. तुमची मुलगी आहे, तेवढं कळतं. पण ही मी लावणार नाही. तुम्ही त्या पहाटे काढलेला डोळा जसा कोणाला बोलावून दाखवला नाहीत, तशीच ही राहू दे.

एक मात्र सांगायचं राहिलं. गेल्या महिन्यात मी आपल्या घराच्या भिंतीवरची, माझ्या लग्नातली जोडी आठवून आठवून काढली. दोन्ही हत्तींना डोळे आहेत, उजव्याला पापणीसकट, तुमच्या ब्रशनं. ती स्वयंपाकघरात लावली आहे. फोटो टाकायचा नव्हता, पण दुसऱ्या एका फोटोत ती मागे आली आणि लोक किंमत विचारायला लागले. मी खाली लिहिलं, 'विकले गेले.' खोटं आहे ते, बाबा. घरचं मला काही विकायचं नव्हतं. पण ते वाचून तिघींनी विचारलं, तसंच दुसरं मिळेल का, आणि मी तिघींनाही हो म्हटलं. उजव्याचा डोळा रिकामा ठेवून.